मिरगाआधीचा एक दिवस

पहाटे ५.२०

बाटल्या रात्रीच धुऊन ओट्यावर पालथ्या घातल्या होत्या. साबणाने धुवायच्या नाहीत, हा या कामाचा पहिला नियम. धुण्याच्या पावडरीत फॉस्फेट असू शकतं, आणि जे शोधायला निघालो तेच बाटलीला चिकटून बसलं तर अख्खा दिवस फुकट. म्हणून आधी पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल, मग तीन वेळा डिस्टिल्ड वॉटर. झाकणंसुद्धा तशीच. सहा बाटल्या, थर्माकोलचा डबा, दोरी, वही. बर्फ घरच्या फ्रीजमधला. एरवी देवगड बंदरावर तो सहज मिळतो, पण १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंद झाली की होड्या वर ओढल्या जातात आणि बंदरावरची बर्फाची लगबगही थांबते.

आज ६ जून. मिरग उद्या-परवावर. हवामान खात्याने परवापासून सिंधुदुर्गासाठी ऑरेंज अलर्ट दिला आहे. या दोन दिवसांत आमच्या जामसंड्यात सगळ्यांची एकच घाई असते, बागेत खत घालून मोकळं व्हायचं. माझ्या कामाचे वर्षातले सगळ्यात महत्त्वाचे दिवस हेच.

बाजारात माझी माती-पाणी तपासायची दोन खोल्यांची जागा आहे. बागायतदार मातीच्या पिशव्या आणतात, हॉटेलवाले पाण्याच्या बाटल्या आणतात. त्यावर पोट चालतं. वाडीखालच्या तळ्याचं काम मात्र वाडीच्या पाणी समितीसाठी, आणि ते मी मनापासून करते. त्या तळ्याच्या पाझरावर खालच्या तीन विहिरी जगतात. मार्च संपला की नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो, तेव्हा या विहिरीच घरं तगवतात.

सकाळी ६.१०

तळ्यावर पोचले तेव्हा नुकतं उजाडलं होतं. पाणी खूप खाली गेलंय. काठाचा चिखल वाळून त्याच्या खपल्या उचलल्यात आणि मधे उरलेलं पाणी मुगाच्या सालीच्या रंगाचं झालंय.

स्टीलची एक जुनी ताटली मी चार भागांत रंगवून घेतली आहे, समोरासमोरचे दोन भाग काळे, दोन पांढरे. मधे भोक पाडून दोरी, दोरीला दर दहा सेंटिमीटरवर गाठ. ताटली हळूहळू पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते तिथली गाठ मोजायची. आंजेलो सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरूने १८६५ साली समुद्रात पांढरी तबकडी सोडून ही युक्ती केली. तो खगोलशास्त्रज्ञ होता, सूर्याचा अभ्यास करायचा. आज जगभरच्या तळ्यांवर त्याचीच तबकडी वापरतात. वीज नको, रसायन नको. वाडीतल्या सातवी-आठवीच्या मुलांना मी हे शिकवलंय आणि ती माझ्यापेक्षा काटेकोर मोजतात. जानेवारीत ताटली चौदाव्या गाठीपर्यंत दिसायची. आज पाचवी गाठ बुडायच्या आत ती गेली.

ओंजळीत पाणी घेऊन उजेडाकडे धरलं. रव्याहून बारीक हिरवे कण पाण्यात तरंगत होते, एका जागी थांबत नव्हते. याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो. पण दगडावरचं निसरडं शेवाळ वेगळं आणि हे वेगळं. हे वाढलं की वर तवंग धरतो, मरतं तेव्हा तळाशी जाऊन कुजतं, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं.

आपल्या कातळाच्या गावी यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. जांभ्याची माती लोखंडाने भरलेली, आणि लोखंड स्फुरदाला घट्ट धरून ठेवतं. म्हणून आपली माती स्फुरद सोडत नाही, असं बागायतदार सांगतात, आणि ते खरंच आहे. पण पहिल्या पावसात तीच लाल माती वाहून तळ्यात येते ती स्फुरदाला घेऊनच येते. तळाशी प्राणवायू संपला की लोखंडाची मूठ सुटते. वर्षानुवर्षं साठलेला स्फुरद मग खालूनच पाण्यात विरघळतो. म्हणजे यंदा एक चिमूट खत वाहून आलं नाही, तरी मागच्या दहा पावसाळ्यांचं देणं तळं एप्रिल-मेमध्ये वसूल करतंच.

दोन बाटल्या काठापासून आत जाऊन भरल्या, एक ओहोळाच्या तोंडाशी साचलेल्या डबक्यातून. बाटलीवर नंबर, तारीख, वेळ. बर्फात ठेवल्या.

सकाळी ७.४५

तळ्याच्या वरच्या अंगाला आबांची बाग. हापूसची जुनी कलमं, काही त्यांच्या वडिलांनी कातळ फोडून लावलेली. सुरुंगाने खड्डा पाडायचा, खालून माती आणून भरायची आणि त्यात कलम बांधायचं. या सड्यावर आंबा असाच उभा राहिला. त्यामुळे इथल्या झाडाच्या मुळाशी माती किती ते हातावर मोजता येतं, आणि ती वाहून गेली तर मागे उरतो तो फक्त दगड.

आबा पडवीत बसले होते. समोर युरियाच्या आणि सुपर फॉस्फेटच्या गोण्या एकावर एक रचलेल्या. बागेत राहणारे नेपाळी गडी टोपल्या घेऊन उभे. टोपलीतून झाडाखाली मुठी-मुठीने खत फेकायचं, म्हणजे दुपारपर्यंत बाग उरकते.

"आबानू, चर नाय मारूचो?" मी विचारलं.

"बाय, चर मारूक टाइम खंय आसा? हे परवा गावाक जातले. मिरग लागाच्या आदी खत पडाक व्हया. माझो बापूस तसाच घाली."

"तुमचो बापूस शेणखत घाली. ह्यो युरिया. मिठासारको विरघळता. परवा पाऊस ठोकलो तर झाडाक किती आणि व्हाळाक किती?"

आबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मगे तूच सांग, गडी गेल्यावर चर कोण मारतलो? मी?"

हा प्रश्न मला दरवर्षी या दिवसांत कुणीतरी विचारतंच, आणि तो रास्त आहे. आंब्याचा हंगाम संपला की नेपाळी माणसं आपल्या गावी जातात. ती परत येईपर्यंत दिवाळी उजाडते. खत कसं घालावं हे आबांना माझ्याहून चांगलं माहीत आहे. दहा वर्षांवरच्या झाडाला ५० किलो शेणखत, दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद, एक किलो पालाश, ही दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस त्यांना तोंडपाठ. बांगडी पद्धतीने, म्हणजे झाडाच्या विस्ताराच्या आत गोल चर खणून त्यात खत घालून मातीने झाकायचं, हेही पाठ. अडचण आहे ती हातांची.

गेल्या वर्षी या प्रश्नापुढे मी गप्प बसले होते. या वर्षभरात डोक्यात एकच हिशोब चालू होता, आणि तो आज मी त्यांच्यापुढे मांडला. जड काम चराचं. कुदळ चालवायला तरणी माणसं लागतात. गोणीतलं खत घालायला कुदळ लागत नाही, एक तांब्या आणि दोन हात पुरतात. मग आज-उद्या गड्यांकडून फक्त चर मारून घ्यायचे, त्यात पालापाचोळा आणि शेणखत भरायचं, वर थोडी माती ओढायची. गोण्या पडवीतच राहू दे. पहिला जोराचा पाऊस पडून गेला, जमीन भिजली आणि दोन-तीन दिवसांची उघडीप मिळाली की तेच चर उकरून मोजून खत घालायचं आणि पायाने माती सारायची.

"आणि ता कोण घालतलो?"

"संध्याकाळी देवळात बैठक आसा. थंय बघूया."

आबांनी गड्यांकडे पाहिलं. "कुदळ काढा रे," म्हणाले. पण गोण्यांवरचा हात त्यांनी काढला नाही.

शेजारच्या बागेत मात्र खत पहाटेच फेकून झालं होतं. झाडाखाली पांढरे दाणे पसरलेले, मिठासारखे. तिथे मी काही बोलले नाही. झालेल्या कामावर सकाळी सकाळी कुणाचा अपमान करून पुढच्या वर्षीचं काम होत नाही.

सकाळी ९.३०

बाजारात खताच्या दुकानात रांग. प्रत्येकजण पुढे सरकून मशीनवर अंगठा ठेवतो, आधार जुळतं, पावती निघते, गोणी टेम्पोत पडते. सरकारी अनुदान या अंगठ्यावर अवलंबून आहे, त्यामुळे युरियाची पंचेचाळीस किलोची एकेक गोणी कुणी, कधी, कुठून उचलली याची नोंद देशाच्या यंत्रणेत आहे. दुसऱ्या टोकाला आपला नळ. त्या पाण्याची तपासणी होते, कागद होतो, पाणी पिण्यास योग्य की अयोग्य यावर सही होते. या दोन नोंदींच्या मधे जो डोंगरउतार आहे, जिथे गोणी फुटते आणि पाऊस पडतो, तो कुणाच्याच वहीत नाही. माझं सगळं काम त्या उतारावरचं आहे.

कायदे आपल्याकडे उशिरा आलेले नाहीत. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ सालीच केला, १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं, आणि देशाचा कायदा १९७४ मध्ये आला. पण हे कायदे लिहिले गेले तेव्हा डोळ्यांसमोर कारखान्याचा नळ होता. नळाला परवानगी देता येते, त्याच्या तोंडाशी नमुना घेता येतो, मालकाला नोटीस देता येते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात शुद्धीकरण केंद्रातून तळ्या-सरोवरांत सोडायच्या पाण्यासाठी नत्राची लिटरमागे १० मिलिग्रॅम आणि स्फुरदाची १ मिलिग्रॅम अशी मर्यादा सांगितली. चांगलंच झालं, पण तोही नळच. नदीकाठच्या उद्योगांसाठी महाराष्ट्राने २००० साली नदी नियमन क्षेत्राचं धोरण आणलं होतं, तेही २०१५ साली रद्द झालं. आणि खत नियंत्रण आदेश, १९८५ हा खताच्या दर्जाचा आणि विक्रीचा आहे. ओहोळापासून किती पावलं सोडून खत टाकावं, हे त्यात शोधायला जाऊ नये.

आबांच्या बागेला असा नळ नाही. तिचं सगळं अंगच नळ आहे.

सकाळी ११.००

लाईट जायच्या आत स्फुरदाची तपासणी उरकायची, म्हणून दुसरं सगळं बाजूला ठेवलं.

ही तपासणी मला आजही मोहात पाडते. गाळलेलं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं. त्यात अमोनियम मॉलिब्डेटचं मिश्रण आणि ताजं बनवलेलं ॲस्कॉर्बिक आम्ल घालायचं. ॲस्कॉर्बिक आम्ल म्हणजे क जीवनसत्त्व, आवळ्यात असतं तेच. नळी हलवून उभी ठेवायची. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच होत नाही. मग हळूहळू, नीळ घातलेल्या धुण्याच्या पाण्यासारखा, फिकट निळा रंग चढू लागतो. दहा मिनिटं थांबायचं, आणि अर्ध्या तासाच्या आत यंत्रावर तो रंग मोजायचा. त्यानंतरचा आकडा धरायचा नाही. स्फुरद जितका जास्त, निळा तितका गडद. डिस्टिल्ड वॉटरची नळी शेजारी ठेवलेली असते, ती स्वच्छ राहिली पाहिजे. ती जराशी जरी निळावली तरी बाटल्या धुण्यात चूक झाली असं समजून सगळं पहिल्यापासून.

आज ती स्वच्छ राहिली. तळ्याच्या मधल्या पाण्याची नळी आभाळासारखी निळी. ओहोळाच्या तोंडाशी घेतलेल्या पाण्याची मात्र शाईसारखी.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे, आयएस १०५००. त्यात नायट्रेटला लिटरमागे ४५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, सवलत नाही. फॉस्फेटचा त्यात उल्लेखच नाही, कारण स्फुरद माणसाला विष नाही. तो तळ्याला जड जातो. म्हणून पाणी तपासणीत "योग्य" ठरतं आणि त्याच वर्षी तळं हिरवं पडतं. कागदही खरा असतो, तवंगही खरा असतो.

स्फुरद किती कमी लागतो हे सांगायला मी एक गणित सगळ्यांना करून दाखवते. गोणीवर लिहिलेला आकडा ऑक्साइडचा असतो. एका मोठ्या कलमाच्या अर्धा किलो स्फुरदात शुद्ध फॉस्फरस निघतो सुमारे २१८ ग्रॅम, म्हणजे वाटीभर. तळ्याच्या पाण्यात तो लिटरमागे ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास गेला की पाणी हिरवं पडायच्या वाटेला लागतं. भागाकार करा. एका कलमाची वाटीभर ७२ लाख लिटर पाण्याला पुरते. साठ मीटर लांब, साठ मीटर रुंद, दोन मीटर खोल असं तळं. हेक्टरी शंभर कलमं असतात. शंभरातला एकच भाग वाहून गेला, तरी हे गणित पुरं होतं.

हे काही फक्त कागदावरचं नाही. १९७३ साली कॅनडात ऑन्टारियोमधल्या २२६ क्रमांकाच्या सरोवरात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधोमध प्लास्टिकचा पडदा लावला. दोन्ही बाजूंना कार्बन आणि नत्र घातलं, एकाच बाजूला त्यासोबत स्फुरद. ती एक बाजू हिरवीगार झाली, दुसरी होती तशीच राहिली. विमानातून काढलेला तो फोटो मी छापून भिंतीवर लावलाय. जाणारा येणारा विचारतो, हे कुठलं धरण?

दुपारी १.२०

लाईट गेली. पेज, सुक्या जवळ्याची चटणी. दहा मिनिटं डोळे मिटले.

दुपारी २.४०

बागांच्या पायथ्याशी ओहोळाकाठची विहीर. वरच्या बागेत राहणारं एक नेपाळी कुटुंब इथलं पाणी भरतं. आज त्या कुटुंबातली मुलगी हंडा घेऊन उभी होती, पाठीला चार महिन्यांचं बाळ बांधलेलं. परवा तेही सगळे निघणार. बाळाला काय पाजतेस, मी विचारलं. अंगावरचं दूध पुरत नाही, म्हणून पावडरचं दूध, याच पाण्यात.

नत्र आणि स्फुरद यांची चाल वेगळी आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय उपाय सापडत नाही. स्फुरद मातीला धरून वरून वाहतो आणि तळ्यात जातो. नत्र नायट्रेट होऊन जांभ्याच्या भेगांतून खाली पाझरतं आणि विहिरीत जातं. तळं हिरवं दिसतं म्हणून कुणीतरी विचारतं तरी. विहिरीतलं नायट्रेट दिसत नाही, वास येत नाही, चव बदलत नाही. मोठ्या माणसाला ते सहसा बाधत नाही. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद ते कमी करू शकतं, बाळ निळसर पडतं. पंचेचाळीसची मर्यादा मुख्यतः या बाळांसाठी आहे.

जलजीवन मिशनमध्ये गावागावांतल्या पाच-पाच बायकांना पाणी तपासायचा संच वापरायला शिकवलंय. आमच्या वाडीतल्या अंगणवाडी ताई त्यातल्याच. त्यांनी विहिरीवर उभं राहून नळीत पाणी घेतलं, पूड टाकली, रंग तक्त्याशी लावून पाहिला. मर्यादेच्या आत, पण काठावर. पाऊस पडल्यावर वाढेल की पातळ होईल हे वरच्या बागांवर ठरेल. "उकळून देते," ती मुलगी म्हणाली. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून थोडं वाढतंच, हे तिला सांगताना मला फार वाईट वाटलं. आईच्या हातात एवढी एकच खबरदारी असते, आणि आपण तीही काढून घेतो. ताईंनी तिला दोन दिवस स्वतःच्या घरचं नळाचं पाणी न्यायला सांगितलं. हंडा तिथेच रिकामा केला आणि दोघी मिळून वर गेल्या.

हिरव्या तवंगाचंही तसंच आहे. त्यातल्या काही जाती विष सोडतात आणि ते उकळून जात नाही. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात २०१४ च्या ऑगस्टमध्ये सुमारे चार-पाच लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असं सांगावं लागलं होतं. त्यांचं पाणी येतं ईरी सरोवरातून, आणि सरोवरात स्फुरद येतो तो मुख्यतः शेतांतून.

सायंकाळी ५.३०

देवळाच्या सभामंडपात सतरा माणसं. मी मोजली, कारण गेल्या वर्षी सहा होती.

सकाळच्या नळ्यांचे फोटो मोबाईलवर फिरवले. शाईसारखी नळी बघून कुजबुज झाली. लगेच एक जण उठला आणि त्याचा मुद्दा खरा होता: "सगळा आमच्या खतावर कित्याक? वरच्या चिरेखाणीची माती येता ती? आणि शोषखड्डे?"

दोन्ही बरोबर. उघडी पडलेली लाल माती स्फुरदाची गाडी आहे, आणि चिरेखाणीच्या तोंडाला मातीचा बांध नसेल तर ती गाडी थेट तळ्यात येते. शोषखड्ड्यांचा हिशोबही मी लपवला नाही. माणसागणिक दिवसाला दहा-बारा ग्रॅम नत्र आणि एक-दीड ग्रॅम फॉस्फरस शरीराबाहेर जातं. पाच माणसांच्या घरातून वर्षाला दोन-अडीच किलो फॉस्फरस, म्हणजे दहा-बारा कलमांच्या वाटणीचा. तो बहुतेक जांभ्यात अडकतो, नत्र मात्र विहिरीकडे चालू लागतं. मोठ्या शहरांचं काय होतं ते मी उजनीवर पाहिलंय. सोलापूर जिल्ह्यातलं भीमेवरचं ते धरण १९८० साली पूर्ण झालं, ११७ टीएमसीचं. वर पुणे आणि पिंपरी-चिंचवड. उन्हाळ्यात त्या पाण्यावर हिरवा रंग इतका जाड बसलेला पाहिला की काठावरचा माणूस जाळं टाकायच्या आधी हाताने तवंग बाजूला सारत होता. आपलं तळं त्यापुढे थेंबभर. पण थेंब सुधारायला कुणाची वाट बघावी लागत नाही.

मालवणकडून लग्न होऊन आलेल्या वहिनी मागून म्हणाल्या, "आमच्या माहेरी धामापूरचं पाणी. त्या तळ्याच्या भोवती अजून रान आहे."

त्यांनी नेमकं बोट ठेवलं. धामापूरचं तळं १५३० सालचं, दोन डोंगरांच्या मधे बांध घालून केलेलं, काठावर भगवती. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन वास्तू म्हणून मान दिला. मान बांधाला मिळाला, पण तळं राखलं ते उतारावरच्या झाडीने. पावसाचं पाणी पाल्यापाचोळ्यातून गाळून खाली येतं. ओहोळाच्या दोन्ही काठांना वीस पावलांची झाडोऱ्याची पट्टी सोडली, तर आपल्याकडेही तेवढ्यापुरतं धामापूर होतं.

"वीस पावलांत माझी सात कलमां जातत," आबा म्हणाले. इतका वेळ ते गप्प होते.

कलमं तोडायची नाहीत, असं ठरलं. त्या सात कलमांना गोणीतलं खत नाही, फक्त शेणखत, आणि खालचं गवत साफ करायचं नाही. युरोपात १९९१ पासून नायट्रेटचा नियम आहे, त्यात खत टाकायला मनाई असलेले महिने ठरवलेले असतात. आपला पाऊस त्यांच्यासारखा नाही, महिने ठरवून भागणार नाही. म्हणून वाडीने ठरवलं, ऑरेंज किंवा रेड अलर्ट असताना गोणी फोडायची नाही.

मग आला तो प्रश्न, ज्यावर अशा सगळ्या बैठका मोडतात. एका तरुण बागायतदाराने विचारला: "खाली पाणी पितले तुमी, आणि मजुरी भरूची आमी? आमका काय गावतला?"

मी न्यूयॉर्कची गोष्ट सांगितली. १९९७ साली त्या शहराने आणि वरच्या डोंगरांतल्या गावांनी करार केला. धरणांचं पाणी गाळायचा अब्जावधी डॉलरांचा प्रकल्प बांधण्यापेक्षा शहराने वरच्या भागाच्या कामांना पैसे दिले. गोठ्यातलं शेण साठवायला जागा, ओहोळाकाठी कुंपण, गावांच्या सांडपाण्याची सोय. खाली पाणी पिणाऱ्याने वर राहणाऱ्याचा खर्च उचलला. आमच्या समितीकडे डॉलर नाहीत. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग विहिरीजवळ राहणाऱ्या काकी उठल्या. म्हणाल्या, खालच्या सात घरांतून घरटी एक माणूस दोन दिवस देऊ. उघडीप मिळाली की वरच्या बागांत जाऊन तांब्याने मोजून खत घालू. चर मात्र मालकांनी आताच मारून ठेवायचे.

वहीत ते लिहिलं गेलं. चौदा सह्या, तीन नाहीत. चिरेखाणीसाठी तहसीलला अर्ज करायचं वेगळं लिहिलं. सही न केलेल्यांत सकाळचे ते पांढरे दाणेवाले होते. जाताना ते माझ्याजवळ थांबले, म्हणाले, "घातलंय ता आता भरूक येणा नाय." मी म्हटलं, झाडाखालचा पालापाचोळा ओढून त्यावर टाका, उताराच्या बाजूला मातीचा छोटा वरंबा घाला, निम्मं तरी राहील. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

रात्री ८.४५

लाईट आली. उरलेल्या नळ्या, यंत्राचे आकडे, वही. नायट्रेटचे आकडे ताईंच्या तक्त्याशी जुळले. मुलांनी मोजलेली गाठही लिहिली, खाली त्यांची नावं. उद्यासाठी बाटल्या पुन्हा आम्लात.

रात्री १०.१०

फोन वाजला. आबा.

"बाय, गोणी पडवेत आसत. वर ताडपत्री घातलंय." आणि लगेच, "सात जणां येतली ना नक्की?"

येतील, म्हटलं. फोन ठेवता ठेवता कौलांवर पहिले थेंब वाजले. अलर्ट परवाचा होता, पाऊस आजच आला. खिडकी उघडली तर ओल्या कातळाचा वास.

पहिल्या पाण्याचा नमुना तासाभरातच घ्यावा लागतो, नंतर तो मिळत नाही. दोन बाटल्या आम्लातून काढून डिस्टिल्ड वॉटरने तीनदा विसळल्या. एकीवर लिहिलं, आबांच्या बागेखालचा ओहोळ. दुसरीवर, शेजारच्या बागेखालचा. तारीख लिहिली, वेळेची जागा रिकामी ठेवली. बॅटरी, इरलं आणि गमबूट दाराशी आणून ठेवले, आणि अंगणवाडी ताईंना फोन लावला.